रेड डेड रिडेम्प्शन २ : सुरुवातीच्या तासांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं पहिल्या दोन अध्यायांपुरती आहेत. पुढच्या कथेतलं काही फोडलेलं नाही. बटणांची नावं प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची दिली आहेत; एक्सबॉक्सवर बटणांच्या जागा त्याच, नावं तेवढी वेगळी.

आधीचा भाग खेळलेला नाही. थेट हा सुरू केला तर चालेल का?

खुशाल. रॉकस्टारचा हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर. २०१० च्या पहिल्या गेमची कथा १९११ सालात घडते, याची १८९९ मध्ये. म्हणजे दुसऱ्या भागात आधीची गोष्ट आहे. डच व्हॅन डर लिंडची टोळी ब्लॅकवॉटर गावातला दरोडा फसल्यावर पळ काढते आणि बर्फाच्या डोंगरात अडकते, तिथून सुरुवात. तुम्ही खेळता ते आर्थर मॉर्गन, डचचा जुना उजवा हात. पहिला भाग खेळलेल्यांना काही चेहरे ओळखीचे वाटतील इतकंच. कोरी पाटी घेऊन येणाऱ्याचं काही अडत नाही, उलट कुणाचं पुढे काय होणार हे माहीत नसल्याचा फायदाच होतो.

दोन तास झाले, अजून बर्फच तुडवतोय. गेम असाच आहे का?

नाही. कोल्टर या ओसाड खाणवस्तीतला पहिला अध्याय म्हणजे लांबवलेली शिकवणी आहे: चालणं, घोडा, गोळीबार, धनुष्य, माग काढणं, शेवटी एक रेल्वे दरोडा. त्यात मोकळं फिरण्यासारखं जवळपास काही नाही. हा भाग अर्ध्या तासाने कमी केला असता तरी काही बिघडलं नसतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. खरा गेम उघडतो तो दुसऱ्या अध्यायात, टोळी हॉर्सशू ओव्हरलूकच्या कड्यावर तळ टाकते तेव्हा. खाली व्हॅलेंटाइन हे गुराढोरांचं, चिखलाचं गाव आणि चारी बाजूंना रान. गेम आवडतो की नाही हे तिथे चार-पाच तास घालवल्यावर ठरवा.

बर्फात मात्र एक काम नीट करा. टोळीतल्या चार्ल्सबरोबरच्या हरणाच्या शिकारीत माग काढायचं जे शिकवतात ते घाईने उरकू नका. पुढे तेच सगळ्यात जास्त लागतं.

आर्थर इतका जड का हलतो? बटण दाबलं की लगेच काही होतच नाही.

हा दोष नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. प्रत्येक हालचालीचं ॲनिमेशन पूर्ण होऊ दिलं जातं: खण उघडणं, डबा उचलणं, कातडं सोलणं, सगळं हाताने होताना दिसतं. छावणीत तर धावताच येत नाही. काहींना याचा कायमचा वैताग येतो आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण सेटिंग्जमध्ये थोडं हलकं करून घेता येतं.

कंट्रोल्सच्या यादीत धावण्याचा प्रकार बदला: एक्स सारखं दाबत राहण्याऐवजी एकदा दाबून धावणं चालू-बंद करता येतं. तिथेच नेमबाजीच्या स्टिकचा डेड झोन (स्टिक हलवूनही काही न होण्याची जागा) कमी करा आणि ॲक्सिलरेशन (नेम सरकण्याचा वेग किती झटपट वाढतो ते) वाढवा. नेम धरताना जाणवणारा चिकटपणा बराच कमी होतो. सबटायटल्सचा आकारही मोठा करून घ्या. मिनीमॅपसाठी डी-पॅडचं खालचं बटण धरून ठेवा: साधा, मोठा, नुसतं होकायंत्र, किंवा पूर्ण बंद असे पर्याय येतात. रस्ता थोडा ओळखीचा झाला की होकायंत्रावर खेळून बघा. मॅपवरच्या वाट दाखवणाऱ्या लाल रेघेवर डोळे खिळलेले असले की आजूबाजूचं अर्धं जग निसटतं.

रस्त्यावरच्या माणसाला नमस्कार करायला गेलो आणि त्याच्यावर बंदूक रोखली गेली. असं का?

नव्या खेळाडूंची ही सगळ्यात ठरलेली फजिती. एल२ या एकाच बटणावर दोन कामं आहेत. हात मोकळे असतील तर एल२ धरल्यावर समोरच्यावर लक्ष केंद्रित होतं आणि खाली पर्याय दिसतात: चौकोनाने नमस्कार, गोलाने कुरापत. हातात बंदूक असेल तर तेच बटण नेम धरतं. समोरचा घाबरतो, ओरडतो, शेरीफला बोलवायला धावतो, आणि पाच मिनिटांत निम्मं व्हॅलेंटाइन तुमच्या मागे.

उपाय एवढाच की गावात शिरण्यापूर्वी एल१ एकदा हलकेच दाबून बंदूक म्यान करायची आणि पडद्यावर नेमाचा ठिपका नाही ना ते बघूनच एल२ धरायचं.

त्रिकोणाचीही अशीच गंमत आहे. त्याच बटणाने घोड्यावर चढता येतं आणि त्याच बटणाने माणसाला पकडून लोळवताही येतं. घोड्याजवळ कुणी उभं असेल तर आधी दोन पावलं बाजूला व्हा, मग बटण दाबा. एखाद्याला चुकून धक्का लागलाच तर पळू नका. बंदूक न काढता त्याच्याकडे वळून एल२ धरा, बरेचदा बोलून प्रकरण मिटवण्याचा पर्याय मिळतो.

मिशनच्या ऐन गोळीबारात रायफल गायब, हातात फक्त रिव्हॉल्व्हर. बग आहे का?

बग नाही, पण गेमची सगळ्यात वैतागवाणी सवय नक्कीच आहे. लांब नळीच्या बंदुका खोगिराला अडकवलेल्या असतात. घोड्यावर बसलात की त्या तिकडे जातात आणि उतरताना आपोआप खांद्यावर येत नाहीत. उतरण्याआधी एल१ धरून शस्त्रांच्या चक्रातून दोन्ही लांब बंदुका निवडा आणि मगच उतरा. ही सवय लागेपर्यंत दोन-तीन मिशन्समध्ये हात चोळत बसावं लागतं.

बंदुका मळतात हेही लक्षात ठेवा. पाऊस, चिखल आणि वापर यांनी मारा कमी होतो आणि गोळ्या भरायला वेळ लागतो. गन ऑइलच्या एक-दोन बाटल्या थैलीत असू द्या. एका बाटलीत एक बंदूक साफ होते.

कोपऱ्यातल्या त्या गोल खुणा काय सांगतात?

आरोग्य, दम आणि डेड आय अशा तीन खुणा आर्थरच्या आणि आरोग्य, दम अशा दोन घोड्याच्या. प्रत्येक खुणेला दोन भाग असतात. बाहेरचं कडं म्हणजे हातातला खर्चाचा पैसा, आतलं चिन्ह म्हणजे साठा. कडं आधी संपतं आणि साठ्याच्या जोरावर आपोआप भरतं. साठा जितका रिकामा तितकं सावकाश. कडं पूर्ण संपल्यावर मात्र साठ्यातून खर्च सुरू होतो. साठा भरतो जेवणाने, झोपेने आणि टॉनिकने. छावणीत स्वयंपाकी पिअरसनच्या मोठ्या पातेल्यातला रस्सा फुकट मिळतो, तो रोज एकदा खा. मग डबाबंद खाऊ विकत घेण्याची फारशी वेळ येत नाही.

कपडे हवामानाला साजेसे नसतील तर साठा झिजतो. बर्फात पातळ सदऱ्यावर गेलात तर आरोग्याचं चिन्ह डोळ्यांदेखत रिकामं होतं. कोल्टरमधला जाड कोट घोड्यावर ठेवलेला असू द्या.

डेड आय म्हणजे नेम धरलेला असताना आर३ दाबून वेळ मंद करणं. सुरुवातीला लक्ष्यांवर खुणा आपोआप पडतात, आपल्या मर्जीने खुणा करण्याची सोय दुसऱ्या अध्यायात कथेबरोबर येते. त्यामुळे आधी ते अर्धवट वाटतं, म्हणून काळजी करू नका.

घोडा सारखा दमतो, झाडावर आदळतो. काय चुकतंय?

बहुतेक जण एक्स बडवत सुटतात. घोडा दौडत असताना टापांच्या ठेक्यावर एक्स दाबा. वेग तोच राहतो, दम कमी खर्च होतो. मधूनमधून एल३ दाबून मान थोपटलीत तर थोडा दम परत येतो आणि जवळीकही वाढते. साप, लांडगा, अस्वल जवळ आलं की घोडा बिथरतो, तेव्हाही एल३च. जंगलात वेग कमी ठेवा, आर१ने लगाम खेचता येतो. भरधाव घोडा झाडावर आदळला की दोघंही हवेत उडतात, आणि घोड्याचं आरोग्य खरोखरच कमी होतं.

जवळिकीच्या चार पायऱ्या आहेत. खाऊ घालणं, खरारा करणं, थोपटणं आणि नुसतं रपेट मारणं, या सगळ्यांनी त्या चढतात. पायरी वाढली की आरोग्य आणि दम वाढतो, लांबून शीळ ऐकू जाते, घोडा गोळीबारात कमी बुजतो. दोन पायांवर उभं राहणं, करकचून थांबणं असल्या करामतीही तो शिकतो. चिखलाने माखलेल्या घोड्याचा दम सावकाश भरतो, म्हणून लांबच्या रपेटीनंतर खरारा करा किंवा त्याला नदीतून चालवत न्या.

घोडा मेला की मेला. त्याला उठवणारं औषध, हॉर्स रिव्हायव्हर, व्हॅलेंटाइनच्या तबेल्यात मिळतं. एक तरी कायम थैलीत हवं. ते नसेल तर फक्त खोगीर उचलून नेता येतं.

पांढरा अरबी घोडा सुरुवातीलाच मिळतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. दुसरा अध्याय सुरू झाला की नकाशाच्या वायव्येला, अँबारिनो राज्याच्या बर्फात लेक इझाबेला नावाचं तळं आहे तिथे तो रानटी अवस्थेत फिरत असतो. तबेल्यात अरबी घोड्यासाठी हजाराच्या वर डॉलर मोजावे लागतात, हा फुकट. म्हणून त्याच्यासाठी केलेली एवढी लांबची रपेट वसूल होते.

जाण्याआधी जाड कोट घाला आणि पॉज मेनूतून हाताने सेव्ह करा. तळ्याच्या काठाने सावकाश फिरा. तो दिसला नाही तर बरंच लांब जाऊन परत या. दिसल्यावर आपल्या घोड्यावरून उतरा, पायी जा. त्याच्यावर एल२ने लक्ष ठेवा, दोन-चार पावलं पुढे टाका, त्याने मान वर करून कान टवकारले की थांबा आणि चौकोनाने शांत करा. हा घोडा भलताच घाबरट असल्याने हे अनेकदा करावं लागतं. हाताच्या अंतरावर पोचलात की त्रिकोण. मग तो उसळतो तेव्हा डावी स्टिक त्याच्या झुकण्याच्या उलट दिशेला ओढत राहा. पडलात तर पुन्हा पहिल्यापासून. लांडगे आले तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर अरबी मरायचा आणि सेव्ह परत उघडावं लागायचं. शेवटी जुन्या घोड्यावरचं खोगीर काढून याच्यावर चढवा, तेव्हाच तो तुमचा मुख्य घोडा होतो.

छावणीला पैसे द्यायलाच हवेत का? आणि इतक्या मोठ्या मॅपवर सारखं घोड्यावरूनच जायचं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: छावणीची वही. टोळीचा सावकार लिओपोल्ड स्ट्रॉस याचं कर्जवसुलीचं पहिलं मिशन केलं की डचच्या तंबूजवळच्या दानपेटीपाशी ती उघडते. तिच्यात अन्न, औषधं, दारूगोळा यांची भरपाई आणि छावणीतल्या सुधारणा असतात. साठा संपून खुणा लाल झाल्या तर लोक कुरकुरतात, पण गेम कुणालाही उपाशी मारत नाही. त्यामुळे भरपाईवर जीव टाकू नका, पैसा सुधारणांवर घाला.

आधी डचच्या राहण्याची सुधारणा, २२० डॉलर. ती झाली की बाकीचेही पेटीत जास्त टाकू लागतात. त्यानंतर आर्थरची, ३२५ डॉलर. हिच्याबरोबर त्याच्या गाडीपाशी नकाशा येतो आणि छावणीतून जलद प्रवास सुरू होतो. तो फक्त जाण्याचा. परतीला घोडा, रेल्वे नाहीतर भाड्याची घोडागाडी. पीसी आवृत्तीबरोबर आलेल्या बदलांनंतर रानात टाकलेल्या स्वतःच्या तळावरूनही तो करता येतो. तिसरा खर्च पिअरसनची चामड्याची हत्यारं, २२५ डॉलर. थैल्या शिवायच्या तर ती हवीतच.

एवढे पैसे आणायचे कुठून? हॉर्सशू ओव्हरलूकच्या खाली, डकोटा नदीकाठच्या रस्त्याला लिंपनी नावाचं जळून खाक झालेलं गाव आहे. त्यातली शेरीफची कचेरी शोधा. आतल्या टेबलामागे खाली वाकलात की एक लोखंडी पेटी दिसते, तिच्यात सोन्याची वीट असते. चोरीचा माल घेणारा दलाल तिचे ५०० डॉलर देतो. पहिला दलाल एमराल्ड रँचवरचा शेमस. टोळीतल्या होझियाबरोबरचं घरफोडीचं मिशन केल्याशिवाय तो दार उघडत नाही. वीट आधी सापडली तर थैलीत राहू द्या. पहिल्या दोन सुधारणा मिळून ५४५ होतात, म्हणजे उरलेले ४५ तर दोन-चार कातडी विकूनही येतात.

तीन ताऱ्यांचं हरीण मारलं तरी कातडं खराब निघालं. का?

कारण चुकीचं हत्यार, किंवा चुकीच्या जागी बसलेली गोळी. तारे जनावराचा मूळ दर्जा सांगतात आणि तो दर्जा शिकारीत फक्त घसरू शकतो, वाढत नाही. एका ताऱ्याच्या हरणातून उत्तम कातडं कधीच निघत नाही, त्याच्यावर बाण वाया घालवू नका. आधी दुर्बिणीतून तारे बघा.

ससा, खार, पक्षी यांच्यासाठी लहान शिकारीचा बाण किंवा व्हर्मिंट रायफल. हरणाला धनुष्य किंवा रायफल, डोक्यात किंवा मानेत एकच वार. अस्वल, कूगर अशा मोठ्या जनावरांना रायफल. शॉटगनने कातड्याची चाळण होते. रिव्हॉल्व्हरने हरीण लगेच मरत नाही, पळत सुटतं आणि दर्जा जातो.

पद्धत अशी: एल३ आणि आर३ एकत्र दाबून ईगल आय (माग ठळक दाखवणारी नजर) लावा, माग दिसला की आर१ने धरा. वाकून चाला. वारा तुमच्याकडून जनावराकडे वाहत असेल तर वळसा घाला, वास लागला की कळप उधळतो. नेम धरल्यावर हाक मारण्याचा पर्याय दिसतो. हाक ऐकून हरीण मान वर करून क्षणभर थांबतं, तेव्हाच सोडा.

पहिल्या दिवसापासून उत्तम दर्जाची हरणाची कातडी पिअरसनकडे देत राहा. सातही थैल्यांना प्रत्येकी एक लागतं. त्यातली टॉनिकची थैली सगळ्यात सोपी: हरीण, शिंगाळा नर आणि एल्क, प्रत्येकी एक उत्तम कातडं. शेवटची, म्हणजे प्रत्येक वस्तू ९९ पर्यंत ठेवणारी, बाकी सहा शिवल्यावरच उघडते. तिला हरणाबरोबर कूगर आणि लांडगा लागतो. लोक चुकतात ते इथे की चांगलं कातडं थोड्या डॉलरसाठी खाटकाला विकून टाकतात.

दंतकथांमधल्या जनावरांचं कातडं वाटेत हरवलं तरी घाबरू नका, ते ट्रॅपरकडे (कातड्यांच्या व्यापाऱ्याकडे) आपोआप पोचतं.

कायद्याचे लोक इतक्या लवकर कसे येतात?

ते आपोआप उगवत नाहीत, त्यांना साक्षीदार बोलावतो. गुन्हा पाहिलेला माणूस मॅपवर दिसू लागतो आणि पळत सुटतो. त्याला गाठून धमकावलंत तर तक्रार होत नाही. ठार केलंत तर तो आणखी एक गुन्हा, शिवाय अब्रूही जाते. तोंडाला रुमाल बांधायचा तर गुन्ह्याच्या आधी. ओळख पटल्यावर त्याचा उपयोग शून्य.

डोक्यावरचं इनाम त्या-त्या राज्यापुरतं असतं आणि रेल्वे स्टेशनातल्या टपाल खिडकीवर भरता येतं. रक्कम चढू दिली की इनामाच्या मागे असलेले शिकारी रस्त्यात गाठू लागतात, म्हणून लहान असतानाच भरून टाका. अपवाद ब्लॅकवॉटरचा. तिथलं इनाम कथेचा भाग आहे, पैसे भरून मिटत नाही. त्या बाजूला घोडा नेलात तर मिनिटभरात चाळणी.

सभ्य खेळावं की बदमाश?

पहिल्यांदा सभ्य. अब्रूचा काटा उजवीकडे गेला की दुकानांत सूट मिळत जाते आणि कथेचा सूरही त्या आर्थरला जास्त शोभतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करणं आणि पकडलेला मासा पाण्यात परत सोडणं हे काटा हलवायचे बिनखर्चाचे मार्ग.

बाहेर इतकं स्वातंत्र्य, मग मिशनमध्ये दोन पावलं बाजूला गेलो तर फेल का?

ही तक्रार रास्त आहे. गेमचे दोन चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. रानात हवं ते करा, पण मिशन सुरू झालं की लेखकाने आखलेल्या वाटेनेच जायचं. मागून जाऊन शत्रूला गाठण्याची कल्पना बहुतेकदा फसते. मिशन सुरू करण्याआधी शिकार विकून टाका, बंदुका साफ करा, घोड्याला खायला द्या. मध्येच काही आठवून वाट सोडली तर थेट चेकपॉइंट. पदकांसाठीच्या अटी पहिल्या खेपेला दिसत नाहीत, त्या प्रोग्रेस मेनूतून मिशन पुन्हा खेळताना दिसतात. म्हणून पहिल्यांदा सोनेरी पदकाच्या मागे लागू नका.

दुसऱ्या अध्यायात किती वेळ काढावा? काही कायमचं निसटतं का?

भरपूर काढा. मुख्य कथा साधारण पन्नास तासांची आहे आणि त्यातले पंधरा-वीस इथे गेले तरी चालतील. छावणी हलली की सोबत्यांबरोबरची मासेमारी, शिकार, पत्त्यांचे डाव अशी इथली काही कामं आणि बरेचसे संवाद जातात. छावणीतल्या छोट्या जॅकबरोबरचं मासेमारीचं मिशन लवकर करा, त्यानंतरच गळ टाकता येतो. टोळीतल्या जॉनबरोबर मेंढ्या हाकण्याचं मिशन मात्र शेवटी ठेवा, त्यानंतर हा मुक्काम हलतो.

पीसीवर नीट चालण्यासाठी काय लागतं?

डिस्कवर १५० जीबी जागा. किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७७०च्या तोडीचं कार्ड. शिफारस १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं. साध्या हार्ड डिस्कवर घोडा भरधाव असताना झटके बसतात, एसएसडीवरच टाका.

ग्राफिक्सच्या लांबलचक यादीत सगळं अल्ट्रावर ढकलणं ही पहिली चूक. कडा गुळगुळीत करण्याच्या पर्यायांपैकी एमएसएए बंद करा, टीएए ठेवा. पाण्याच्या भौतिकीची पट्टी निम्म्यावर आणा, व्हॉल्यूमेट्रिकचं (धुकं, प्रकाशझोत) रिझोल्यूशन मध्यम ठेवा. टेक्स्चर मात्र अल्ट्रावरच, खालच्या दर्जात ते फारच धुरकट दिसतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डावर २०२१ पासून डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) आहे, बाकीच्यांसाठी नंतर तसंच एफएसआर २ आलं. अडखळत असेल तर ग्राफिक्स चालवण्याच्या व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ या दोन्ही पद्धती आलटून पालटून बघा. कोणत्या मशीनवर कोणतं बरं चालेल हे आधी सांगता येत नाही.

ऑनलाइनमधला पैसा किंवा घोडा कथेत वापरता येतो का?

नाही. दोन्ही पूर्ण वेगळे आहेत, पात्रसुद्धा वेगळं बनवावं लागतं. शिवाय ऑनलाइनमध्ये आता मोठी भर पडणार नाही हे रॉकस्टारने २०२२ मध्येच सांगून टाकलं आहे. कथेसाठी गेम घेतला असेल तर मेनूतला तो पर्याय उघडण्याची गरजच नाही.